मालवाहू विमान आणि शत्रूच्या घरातली रात्र : खरी कमाल कशाची?

कारंजेकर

मंडळी, सोयाबीन निघालं, कापूस वेचायला मजूर भेटत नाही, त्यामुळे आमच्या पारावर सध्या युद्धशास्त्र जोरात आहे. सगळ्यांच्या तोंडी राफेल नाहीतर सुखोई. काल एकानं ठोकून दिलं की मालवाहू विमान म्हणजे हमाल, लढाईत त्याचं काय काम? मी एकटा उलट बाजूनं भांडलो, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. लढाऊ विमान येतं, बॉम्ब टाकतं आणि आवाजाच्या वेगानं निघून जातं. हर्क्युलिस म्हणजे सी-१३० या अमेरिकन मालवाहू विमानासारखं धूड ताशी सहाशे-साडेसहाशे किलोमीटरनं शत्रूच्या हद्दीत शिरतं, अंधारात उतरतं, कमांडो काम उरकेस्तोवर इंजिन चालू ठेवून उभं राहतं आणि सगळ्यांना घेऊन परत येतं. जिगर कोणाची मोठी?

पण पारावर मला तीन प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. एवढं मोठं विमान रडारला दिसत नाही का? धावपट्टी नाही तिथं ते उतरतं कसं? आणि वेळ पडली तर आमच्या गावाजवळून जाणाऱ्या समृद्धीवर उतरेल का? जाणकारांनी लिहावं.

पुणेरी_टोमणा

समृद्धीवर आधी गाड्या सुखरूप पोचू देत. विमानांचं नंतर बघू.

सावजी_तर्री

आले का टोमणेभाऊ सकाळी सकाळी! चहा तरी घेऊ द्या ना बे आम्हाले.

खामगावकर

रडारचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. रडारचे किरण साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. तीस हजार फुटांवरचं विमान सपाट मुलखात जमिनीवरच्या रडारला पावणेचारशे ते चारशे किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान अडीचशे फुटांवरून आलं तर पस्तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत ते क्षितिजाच्या खालीच राहतं. म्हणजे समोरच्याला कळून विमान डोक्यावर येईपर्यंत चार-पाच मिनिटं. मध्ये डोंगर असेल तर तेवढीही नाहीत.

अमेरिकेनं हर्क्युलिसचे 'कॉम्बॅट टॅलन' नावाचे खास अवतार काढले ते याचसाठी. पुढची जमीन वाचत जाणारं रडार बसवलं, म्हणजे काळोखात, ढगात, डोंगराच्या चढउताराप्रमाणे अडीचशे फुटांवरून उडता येतं.

यात धोका किती, तेही लिहितो. आपल्या हवाई दलाचं एक सी-१३० जे २८ मार्च २०१४ रोजी ग्वाल्हेरजवळ अशाच कमी उंचीच्या सरावात कोसळलं. पाच जण गेले. युद्ध नव्हतं, शत्रू नव्हता, नुसता सराव होता.

मोर्शीची_सून

बाकी सगळं समजलं. पण दहा-दहा तास उडतात, आत बसलेल्या पन्नास-साठ माणसांनी 'त्या' कामासाठी कुठं जायचं? कोणी लिहितच नाही.

सावजी_तर्री

😂😂 वहिनींनी धाग्याचा मूळ मुद्दा पकडला.

इतिहासवेडा

कारंजेकर, तुमच्या पारावर एन्टेबी सांगा. जून १९७६ मध्ये अतिरेक्यांनी इस्रायली प्रवासी असलेलं एअर फ्रान्सचं विमान पळवून युगांडात नेलं. ३ जुलैच्या रात्री इस्रायलची चार हर्क्युलिस विमानं जवळजवळ चार हजार किलोमीटर उडून एन्टेबीच्या विमानतळावर उतरली. पहिल्याच्या पोटात काळी मर्सिडीझ होती, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनचा ताफा आलाय असं पहारेकऱ्यांना वाटावं म्हणून. गाडी मुळात पांढरी, रंग देऊन काळी केलेली. पहिलं विमान उतरल्यापासून तासाच्या आत ओलिसांना घेतलेलं विमान हवेत होतं. १०२ ओलीस सुटले. हल्ला करणाऱ्या तुकडीचा म्होरक्या योनातन नेतान्याहू मात्र तिथंच पडला.

आणि ही विमानं साधी हर्क्युलिस होती. खामगावकर म्हणतात तसलं खास रडार वगैरे काही नाही. म्हणून म्हणतो, कमाल माणसांची, विमानाची नव्हे.

संत्रीवाला

इतिहासवेडा यांच्याशी असहमत. एन्टेबीला तयार, पक्की, लांबलचक धावपट्टी होती. तिथं साधं विमान चाललं. जिथं काहीच नसतं तिथली गोष्ट करा.

एप्रिल २०२३, सुदान. खार्टूमच्या उत्तरेला वादी सय्यिदना इथं एक मोडकळीला आलेली धावपट्टी. दिवे नाहीत, दिशादर्शक यंत्रणा नाही, इंधन मिळायची सोय नाही. २७-२८ एप्रिलच्या रात्री आपल्या सी-१३० जे नं तिथून १२१ माणसं उचलली. वैमानिकांच्या डोळ्यांवर अंधारात बघता येणारे चष्मे, आणि पट्टीवर काही आडवं पडलेलं नाही ना हे बघायला विमानाच्या नाकाखालचा इन्फ्रारेड कॅमेरा. इंजिनं बंद केलीच नाहीत, हवाई दलाच्या गरुड कमांडोंनी माणसं आणि सामान आत घेतलं आणि निघाले. हे चष्मे, तो कॅमेरा नसता तर नुसत्या हिमतीवर काय झालं असतं? विमान पट्टीवरच्या एखाद्या दगडावर गेलं असतं.

दुसरं, लडाखमधली दौलत बेग ओल्डीची धावपट्टी. १६,६१४ फूट उंची. २० ऑगस्ट २०१३ ला तिथं सी-१३० जे उतरलं. हवा एवढी विरळ की इंजिनाला ताकद कमी आणि पंखांना उचल कमी. तिथं इंजिन चांगलं नसेल तर वैमानिकाचा अनुभव काय कामाचा?

इतिहासवेडा

दौलत बेग ओल्डीला २००८ साली आपलं एएन-३२ उतरलं होतं. दोन इंजिनांचं, जुनं सोव्हिएत बनावटीचं. ते विसरू नका.

संत्रीवाला

विसरलो नाही. पण त्यात किती माल नेता येतो आणि हर्क्युलिसमध्ये किती, तेही लिहा ना.

जुना_गनर

एएन-३२ चं नाव निघालं म्हणून लिहितो. हवाई दलात फ्लाइट गनर होतो. नाव गनर, पण मालवाहू विमानात काम लोडमास्टरचं, म्हणजे माल चढवून नीट बांधायचं. आता काटोलकडे संत्र्याची बाग बघतो.

आधी वहिनींचं उत्तर. हर्क्युलिसमध्ये मागे पडद्याआड सोय असते. ती वापरायची हिंमत मात्र फार थोडे लोक करतात. खालून उडताना विमान एवढं हलतं की बहुतेकांचं लक्ष पिशवीत ओकण्याकडे असतं.

आता हर्क्युलिस मातीवर कसं उतरतं ते. पंख पोटाच्या वर आहेत, त्यामुळे पंखे जमिनीपासून उंच राहतात, उडालेले खडे त्यांना कमी लागतात. जेट इंजिन खालून गोटे ओढून घेतं, हे तसं करत नाही. पोटाखाली दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठी चाकं, एकामागे एक. बंडीसारखं, पुढचं चाक चाकोरी पाडतं आणि मागचं त्यातूनच जातं. उतरल्यावर पंख्याची पाती उलट कोनात फिरवली की हवा पुढे फेकली जाते आणि विमान थोडक्यात थांबतं. गरज पडली तर त्याच जोरावर मागेही सरकतं.

पण आमचं काम वेगळंच. लोकांना वाटतं जीप आत घातली की झालं. विमानाच्या पोटात एक ठरावीक पट्टा असतो, सगळ्या मालाचा तोल त्या पट्ट्यातच पडला पाहिजे. माल ठरल्यापेक्षा फार मागे राहिला तर उडताना नाक वर जातं. म्हणून रॅम्पवरून गाडी चढताना लोडमास्टर तिच्यापुढे उलटा चालतो, नजर चाकांवर, दोन्ही हात वर. मूठ बंद केली की चालकानं तिथंच ब्रेक दाबायचा. मग साखळ्या. पुढे ओढणाऱ्या वेगळ्या, मागे ओढणाऱ्या वेगळ्या, प्रत्येकीला ताण देऊन, हाताने हिसका मारून बघायचं. आणि शत्रूच्या जमिनीवर याच साखळ्या अंधारात, हातमोजे घालून, एका मिनिटाच्या आत सोडायच्या. साखळी अडकली म्हणजे गाडी आत, कमांडो आत आणि विमान उभ्या उभ्या निशाण्यावर. सरावाचे तास यातच जातात. टीव्हीवर हे कोणी दाखवत नाही, कारण यात पाहण्यासारखं काही नाही.

कारंजेकर

गनरकाका, हे पारावर वाचून दाखवणार. 'हमाल' म्हणणाऱ्याला मुद्दाम पुढे बसवतो.

जुना_गनर

हमाल म्हटलं तर मला राग नाही. काम तेच आहे. फक्त हमाली चुकली तर सगळे जातात.

डवरा

म्या तं कवापासून वाट पाहून रायलो का कोणी जमिनीबद्दल बोलन. तुमी सारे विमानावरच अडकले. अरे विमान टेकते कुठं? मातीवर ना?

आमची काळी जमीन घ्या. उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात का बैलाचा पाय जाते. चाक गेलं का मोडलंच. पावसाळ्यात तं इचारूच नका, ट्रॅक्टर रुतला तं दुसरा ट्रॅक्टर आणा लागते अन् तो बी रुतते. सत्तर टनाचं विमान त्याच्यावर उतरवाल काय? जे लोक नकाशावर मोकळं मैदान पाहून 'इथं उतरा' म्हणतात, त्यायनं कधी वखर धरला नसन. मले इचारलं तं म्या बरडावर नेईन. मुरमाड, चुनखडी, जिथं कायी पिकत नायी अन् सब्बल मारली तं ठण्ण वाजते, तीच जागा विमानाची.

खामगावकर

डवराभाऊ, तुमची सब्बल आणि त्यांचं यंत्र, फरक फार नाही. अमेरिकन हवाई दलाची माणसं आधी गुपचूप जाऊन हेच करतात. टोकदार दांडा उभा धरायचा, त्यावर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून पाडायचं आणि दर ठोक्याला दांडा किती आत जातो ते लिहायचं. त्यावरून कळतं की विमान पेलेल का, आणि किती वेळा उतरवता येईल. एक फेरी झाली की माती उखडते, दुसऱ्या फेरीला तीच जागा वेगळी असते.

इतिहासवेडा

डवरा यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. यावर इराणची १९८० ची मोहीम सांगायलाच हवी.

तेहरानच्या वकिलातीत अमेरिकेची माणसं ओलीस होती. बेत असा की विमानवाहू नौकेवरून आठ हेलिकॉप्टरं निघतील, इराणच्या वाळवंटात एका ठरलेल्या जागी हर्क्युलिस विमानं आधीच उतरलेली असतील, काहींमध्ये कमांडो, काहींमध्ये इंधन. तिथं हेलिकॉप्टरं इंधन भरून पुढे जातील. या जागेचं नाव 'डेझर्ट वन'.

तीन-एक आठवडे आधी जॉन कार्नी नावाचा हवाई दलाचा अधिकारी छोट्या विमानानं रात्री तिथं उतरला. मातीचे नमुने घेतले, उतरण्याच्या पट्टीवर दुरून पेटवता येतील असे इन्फ्रारेड दिवे पुरले आणि परत गेला. जमीन टणक निघाली. पण २४ एप्रिलला विमानं उतरली तेव्हा मधल्या वादळांनी तिथं घोट्याएवढी भुकटीसारखी धूळ आणून टाकलेली होती.

आठापैकी सहाच हेलिकॉप्टरं पोचली, त्यातलं एक नादुरुस्त. सहाच्या खाली जायचं नाही असं आधीच ठरलेलं, म्हणून मोहीम रद्द झाली. परतीची तयारी करताना एका हेलिकॉप्टरनं उडवलेल्या धुळीत काही दिसेना, ते जागेवरून हलताना थेट इंधन भरलेल्या हर्क्युलिसवर आदळलं. आठ जण जळून गेले. एकही गोळी शत्रूनं झाडली नव्हती.

सावजी_तर्री

अन् ते बसचं सांगा ना भाऊ! विमानं उतरली अन् तेवढ्यात रस्त्यानं प्रवाशांनी भरलेली बस आली. चाळीसच्या वर माणसं. कमांडोंनी बस थांबवून सगळ्यांना धरून ठेवलं. मागून चोरट्या इंधनाचा टँकर आला, तो थांबेना, तर त्याच्यावर रॉकेट मारलं. झाला उजेडच उजेड. एवढ्या मोठ्या महासत्तेनं सगळं पाहिलं, पण त्या रस्त्यानं रात्री यष्टी येते का नाही, ते कोणाले इचारलं नाही.

पुणेरी_टोमणा

तुमच्याकडं हा धोका नाही. तुमची यष्टी वेळेवर येतच नाही.

सावजी_तर्री

म्हणूनच तं धोका जास्त! वेळ ठरली असती तर टाळता तरी आली असती.

संत्रीवाला

डेझर्ट वनमध्ये दोष हेलिकॉप्टरांचा. हर्क्युलिस सगळी वेळेवर पोचली होती. उलट माझाच मुद्दा सिद्ध होतो, यंत्र बिघडलं की माणसं काय करणार?

इतिहासवेडा

दोष आखणीचा. वेगवेगळ्या दलांची माणसं, एकत्र पूर्ण रंगीत तालीम एकदाही नाही. पुढे अमेरिकेनं १९८७ साली खास मोहिमांसाठी स्वतंत्र एकत्रित कमांड उभारली, त्यामागे हीच रात्र आहे.

पळसफूल

वाद चालू द्या, मी पोळ्याच्या धाग्यात शोभेल अशी गोष्ट सांगते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज हवाई दलाची छोटी लायसँडर विमानं चांदण्या रात्री जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरायची. हेर सोडायचे, अडकलेली माणसं परत आणायची. धावपट्टी म्हणजे एखाद्याचं कुरण, आणि दिवे म्हणजे स्थानिक माणसांनी ठरावीक आकारात धरलेले किंवा खोचलेले तीन टॉर्च. बस्स.

जास्त माणसं असली की मोठं दोन इंजिनांचं हडसन पाठवायचे. फेब्रुवारी १९४४ मध्ये असं एक हडसन फ्रान्समधल्या शेतात उतरलं आणि चिखलात रुतलं. रात्र, थंडी, जर्मन कुठंही असू शकतात. मग गावकरी बैल आणि घोडे घेऊन आले. चाकांपुढची माती खोदली, जनावरं जुंपली, ढकललं, ओढलं. शेवटी विमान सुटलं आणि उडालं. आत लुसी ओब्राक होती, प्रतिकार चळवळीतली प्रसिद्ध कार्यकर्ती, अगदी दिवस भरत आलेली. लंडनला पोचल्यावर काही दिवसांतच तिला मुलगी झाली.

डवरा

आता कसं! म्या म्हटलं होतं. बैलाबिगर कायी होत नायी. या पोळ्याले आमच्या जोडीले हे सांगतो.

मोर्शीची_सून

पळसफूल, अंगावर काटा आला गं. नववा महिना आणि बाहेर चिखलात बैल ओढताहेत. मला तर अमरावतीला दवाखान्यात नेताना रस्त्यातल्या खड्ड्यांनीच घाम फुटला होता.

झाडीपट्टीकर

आपल्या घरचं उदाहरण कोणीच देत नाही म्हणून लिहितो. ३ नोव्हेंबर १९८८, मालदीव. भाडोत्री बंडखोरांनी राजधानी माले घेतली, राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसले आणि त्यांनी भारताकडे मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून पॅराट्रूपर घेतलेली आयएल-७६ ही मोठी मालवाहू विमानं निघाली. ४४ स्क्वाड्रनचं नेतृत्व ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्याकडे. दोन हजारांवर किलोमीटर उडून मालेचा विमानतळ असलेल्या हुलहुले बेटावर उतरायचं. पट्टीच्या दोन्ही टोकांना समुद्र. आणि निघताना पक्कं ठाऊक नाही की पट्टी आपल्या माणसांच्या हाती आहे की बंडखोरांच्या.

ती बंडखोरांच्या हाती नव्हती. ते मालेमध्ये गुंतले होते, विमानतळ धरायचं त्यांनी केलंच नाही. विमान उतरलं तिथंच अर्धी लढाई संपली.

मला सांगा, आयएल-७६ मध्ये खास काय होतं? काही नाही. आणि पट्टी चांगली होती. म्हणजे संत्रीवाला आणि डवरा दोघंही अर्धेच बरोबर. विनंती आल्याच्या दिवशीच निघायचं हा जो निर्णय झाला, तो दोन दिवस उशिरा झाला असता तर तीच पट्टी, तीच विमानं काही कामाची नव्हती.

संत्रीवाला

हे मान्य. पण निर्णय दिल्लीत झाला, तो विमानाच्या गुणात कसा धरायचा?

झाडीपट्टीकर

अशा मोहिमांत विमान सुटं काढून बघताच येत नाही, एवढंच म्हणतोय. मार्च २०२४ ला सोमालियाकडे चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' जहाज आठवा. आपल्या सी-१७ या मालवाहू विमानानं सुमारे दहा तासांच्या उड्डाणात जाऊन समुद्रात दोन रबरी बोटी आणि नौदलाचे मार्कोस कमांडो सोडले. पण ते जहाज आधीपासून नौदलानं अडवून ठेवलं होतं म्हणून. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले. विमानानं उतरायची गरजच ठेवली नाही, डवराभाऊंची जमीनच काढून टाकली.

डवरा

पाणी बी पाहाच लागते भाऊ. लाट मोठी असन तं बोट उलटन.

कारंजेकर

प्रतिसाद एक से एक. पण माझी समृद्धी राहिली ना राजेहो.

खामगावकर

रस्त्यावर हर्क्युलिस उतरतं, त्यात शंका नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावर उतरलं. ९ सप्टेंबर २०२१ ला राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय महामार्गावर उतरलं, तेव्हा आत राजनाथ सिंह आणि आपले नागपूरचे गडकरीसाहेब बसले होते. पण ती तीन किलोमीटरची पट्टी त्यासाठीच मजबूत बांधलेली. मधला दुभाजक काढता येतो किंवा नसतोच, बाजूला खांब नाहीत, वर तारा नाहीत.

हर्क्युलिसच्या पंखांचा विस्तार चाळीस मीटर. समृद्धीवर सरळ, सपाट तुकडे आहेत, पण दुभाजक, फलक, वरून जाणारे पूल हे सगळं बघावं लागेल. आणि जनावरं. रात्री चष्मे लावलेल्या वैमानिकाला नीलगाय दिसेलही, पण सत्तर टन थांबवणार कसे?

पुणेरी_टोमणा

गडकरी आत बसल्यावर रस्ता चांगला असणारच.

सावजी_तर्री

टोमणेभाऊ, पहिल्यांदा पटलं तुमचं.

जुना_गनर

संत्रीवाला आणि इतिहासवेडा, तुमचा वाद सरावाच्या खोलीतही रोज चालायचा. वैमानिक म्हणायचे विमान, पॅरावाले म्हणायचे आम्ही. मी दोघांनाही एकच विचारायचो, जमिनीवर आपलं कोण आहे? एन्टेबीला पहिलं विमान धावत असतानाच काही जवान उडी मारून खाली उतरले आणि मागून येणाऱ्या विमानांसाठी पट्टीच्या कडेनं छोटे दिवे ठेवत गेले. फ्रान्समध्ये टॉर्च धरणारे गावकरी. इराणमध्ये दिवे होते, पण शेवटच्या आठवड्यात माती बघायला कोणी नव्हतं. मालदीवला उतरण्याआधी पट्टी आपल्याच लोकांकडे असल्याची खूण मिळाली नसती तर मी मागे बसलेल्या पोरांकडे बघू शकलो नसतो. तिथं मी नव्हतो, पण बाकी किती रात्री रॅम्पजवळ बसून खाली काळोखात बघितलंय. दिवा दिसला तर उतरायचं, नाही दिसला तर परत.

संत्रीवाला

काका, पण तो दिवा इन्फ्रारेड असेल तर बघायला चष्मा लागतोच. 🙂

जुना_गनर

लागतो ना. चष्मा तुमचा, दिवा माझा.

भरतीवाला_दारव्हा

काका, मी बारावी सायन्स केलं. रोज पहाटे गावच्या रस्त्यावर पळतो, अग्निवीर वायूची तयारी चालू आहे. तुमच्यासारखं विमानात मागे उभं राहायचं काम कसं मिळते?

जुना_गनर

आमच्या वेळी थेट मिळत नव्हतं. आधी जमिनीवरचा ट्रेड, तिथं नीट काम, मग हवाई कर्मचारी होण्यासाठी अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि शिक्षण. आता नियम बदललेत, ते अधिकृत जाहिरातीतच वाच, पारावरचं ऐकू नकोस. दोन गोष्टी आजपासून कर. कान जप, डीजेपुढे नाचू नकोस. आणि तोंडी हिशेब पक्का कर. किती किलो, किती इंचांवर, गुणाकार चटकन जमला पाहिजे, तिथं मोबाईल काढायला वेळ नसतो.

भरतीवाला_दारव्हा

हिशेब जमते काका, जिनिंगवर काट्यावर बसतो सीझनमध्ये. इंग्रजीची भीती वाटते.

जुना_गनर

काट्यावर बसतोस म्हणजे अर्धं काम झालं. इंग्रजीचं मी बघतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

भरतीवाला_दारव्हा

केला काका.